चौघींतली एक गेली तर?

हॉस्टेलला राहायचं की मैत्रिणींसोबत रूम करायची? स्वातंत्र्य की शिस्त, असा हा वाद घराघरांत रंगतो. पण खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो डिपॉझिट भरायच्या आधी विचारायला हवा.

बारावीचा निकाल लागला, सीईटीचा स्कोअर कळला. कॉलेज कुठलं, ब्रँच कुठली, यावर आठवडाभर चर्चा झाली. मग एका रात्री जेवणं आटोपल्यावर घरात खरा विषय निघतो. ‘ते सगळं खरं, पण ही राहणार कुठं?’

तुम्ही वैरागच्या असाल किंवा वैरागला शाळेला येणाऱ्या आसपासच्या एखाद्या गावातल्या, तर हा प्रश्न तुम्हाला नवा नाही. बारावीपर्यंत बरं होतं. गावाकडच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट. सकाळी गाडीत बसायचं, शाळा सुटली की घरी. बारावीनंतर बार्शीला ॲडमिशन घेतलं तर अप-डाऊन जमतं. सोलापूरही रोजचं करता येतं, पण प्रॅक्टिकल असेल त्या दिवशी घरी पोचेपर्यंत अंधार. आणि पुणे? ते दोनशे किलोमीटरच्या पुढं. तिथं राहायलाच लागतं.

त्यात एक गोष्ट चांगली झाली आहे. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारनं माफ केलं. इंजिनीअरिंग, फार्मसीसारख्या कोर्सचा मोठा खर्च त्यामुळं हलका झाला. उरला तो राहण्याजेवणाचा. म्हणजे मुलगी शिकायला बाहेर पडणार की नाही, हे आता अनेक घरांत फीवर ठरत नाही. खोलीवर ठरतं.

आईला हॉस्टेल हवं असतं. तिथं रेक्टर असते, गेट असतं, हजेरी असते. आज्जीचं म्हणणं, ‘पुण्यात आत्या आहे की. तिच्याकडं राहू दे.’ आत्याच्या दोन खोल्यांत आधीच पाचजण राहतात, हे आज्जीला कोण सांगणार? आणि तुम्हाला हवी असते रूम. दोन वर्षं एका बाकावर बसलेल्या चौघी, चौघींचे नंबर पुण्यात लागलेले. व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव बदलून झालेलं असतं. कोण कुकर आणणार आणि कोण इस्त्री, हेसुद्धा ठरलेलं असतं.

फक्त एक गोष्ट ठरलेली नसते. चौघींतली एक निघून गेली, तर काय?

वाद चुकीच्या जागी

हॉस्टेल म्हणजे शिस्त आणि रूम म्हणजे स्वातंत्र्य, अशी आपण सरळ वाटणी करून टाकतो. जरा जवळ जाऊन बघितलं तर ती टिकत नाही.

रूमला रेक्टर नसते, पण घरमालक असतो. ‘पाहुणे चालणार नाहीत’, ‘रात्री दहाला गेटला कुलूप’, ‘नॉनव्हेज करायचं नाही’ हे त्याचेही नियम असतातच. कधी आडनाव विचारून मग ‘रूम गेली हो’ म्हणतात. हॉस्टेलचे नियम निदान नोटीस बोर्डावर लिहिलेले असतात. मालकाचे नियम त्याच्या मनावर असतात.

उलट हॉस्टेलमध्ये एक स्वातंत्र्य मिळतं, त्याबद्दल कुणी बोलत नाही. संध्याकाळी काय शिजवायचं, सिलिंडर संपलाय का, पाणी किती वाजता येणार, लाईटबिल कुणी भरलं, यातलं काहीच डोक्यात ठेवावं लागत नाही. मेसची आमटी पातळ असेल, पण ती ताटात येते. आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी पिशवीत असली की ती आमटीही चालते. परीक्षेच्या आदल्या रात्री भांडी कुणी घासायची यावर भांडण होत नाही, ही लहान सोय नाही.

तेव्हा स्वातंत्र्य दोन्हीकडं थोडं आहे आणि जाच दोन्हीकडं थोडा आहे. फरक वेगळ्या जागी आहे. हॉस्टेलमधून एखादी मुलगी गेली तर तिची कॉट रिकामी होते, तुमचं काही बिघडत नाही. रूममधून एक गेली तर रूमच डळमळते.

हिशोब करून बघा

समजा, रूमचं भाडं महिना ८ हजार आहे. चौघींत २ हजार प्रत्येकी. एक गेली की तिघींना २,६६७. दुसरी गेली की दोघींना ४ हजार, म्हणजे ठरलं होतं त्याच्या दुप्पट. मेसचे पैसे, बसभाडं, झेरॉक्स हे सगळं त्याच्यावर. गावाकडून महिन्याला येणारी रक्कम मात्र तेवढीच असते, कारण सोयाबीनचा भाव तुमच्या रूममेटला विचारून ठरत नाही.

आणि मुली जातात, बरं का. भांडून जाणाऱ्या थोड्या. बाकीच्यांची कारणं साधी असतात. एकीला दुसऱ्या फेरीत सांगलीचं कॉलेज मिळतं. एकीचं मन रमत नाही. एकीच्या घरी वडील आजारी पडतात. आणि एकीला दिवाळीत बघायला येतात, पसंती होते, फेब्रुवारीत लग्न ठरतं. तिच्यावर रागवायचं तरी कसं? तुम्हीच तिच्या हळदीला नाचणार असता.

पण हळदीहून परत आल्यावर एक तारीख येते. वाढलेलं भाडं घरी सांगायचं कसं, हा पेच पडतो. चौथी शोधायची तर वर्षाच्या मधेच कोण मिळणार? मिळाली तर अनोळखी. मग घरून फोन येतो, ‘राहू दे आता, परीक्षेपुरतं जात जा.’ मुलग्याची रूम मोडली तर तो दुसऱ्या रूमवर गादी टाकतो. मुलीची रूम मोडली तर पुष्कळदा तिचं वर्ष मोडतं. घरच्यांनी आधीच कसाबसा होकार दिलेला असतो. मागं फिरायला त्यांना एवढंच निमित्त पुरतं.

म्हणून रूम बघताना वायफाय आणि आरशाच्या आधी हा प्रश्न विचारा. एक गेली तर उरलेल्या तिघी इथंच वर्ष पूर्ण करू शकतील का? उत्तर ‘हो’ असेल तर रूम करा, खुशाल करा. उत्तर ‘बघू’ असेल तर ते ‘नाही’ आहे.

हॉस्टेल कशासाठी निघाली?

आपल्याकडं हॉस्टेल ही सोय म्हणून निघालीच नाहीत. शाळा-कॉलेजं होती, पण गावाकडच्या आणि गरिबाच्या मुलांना शहरात राहायला जागा नव्हती, म्हणून ती काढावी लागली. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढं एकेका समाजाची वसतिगृहं त्या शहरात उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं.

त्या वेळी भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर त्यांना अंघोळ करून शुद्ध व्हायला सांगितलं, त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. याच भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्याला छत्रपती शाहू बोर्डिंग काढलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, कामंही स्वतः करायची. ते चालवायला लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. म्हणजे ज्या माणसाला हॉस्टेलमधून बाहेर पडावं लागलं, त्यानं हॉस्टेल नाकारलं नाही. वेगळं हॉस्टेल काढलं.

मुलींच्या बाबतीत तर राहण्याची जागा आणि शिक्षण ही जोडगोळीच होती. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ चं, धोंडो केशव कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा. दोन्हीकडं राहायची सोय आधी, मग धडे. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युत आपटे यांनी सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समितीही खेड्यातून येणाऱ्या मुलामुलींसाठीच आहे.

यातली एक गोष्ट आजही लागू आहे. हॉस्टेलमध्ये खोलीतली जोडीदार तुम्ही निवडत नाही. पलीकडच्या कॉटवर नंदुरबारची असेल, उदगीरची असेल. तिचं आडनाव वेगळं, देव वेगळे, आमटीत पडणारा मसाला वेगळा. पहिले दोन महिने अवघड जातात. नंतर कळतं की आपण वैरागमधून बाहेर पडलो ते इथं. चौघी मैत्रिणी मिळून रूम केली की पुष्कळदा पुण्यात एक छोटं वैरागच वसतं. तेच विषय, त्याच गप्पा, बऱ्याचदा तीच जात. ते उबदार असतं, यात शंका नाही. पण उबेत नवं काही शिकायचं राहून जातं.

अमेरिकेतल्या कॉलेजांत ‘सोरॉरिटी हाऊस’ असतात. ग्रीक अक्षरांची नावं असलेल्या मुलींच्या संघटना, आणि त्यांच्या सदस्यांनी एकत्र राहायची घरं. तिकडच्या मुलींनाही हाच पेच पडतो, त्या घरात राहायचं की मैत्रिणींसोबत फ्लॅट करायचा. फरक असा की तिथं आधीच्या मुली नव्या मुलींना निवडून घेतात. आपल्या हॉस्टेलात निवड गुणवत्ता यादी करते, त्यामुळं कुणाशेजारी कोण येईल सांगता येत नाही. वैताग वाटला तरी हे आपलं भाग्य समजा.

हॉस्टेलचंही खोटं कौतुक नको

हॉस्टेल घ्यायचं म्हणजे डोळे मिटून घ्यायचं असं नाही. मुलांच्या हॉस्टेलचं गेट रात्री उशिरापर्यंत उघडं आणि मुलींचं संध्याकाळी बंद, हा भेदभाव अनेक ठिकाणी आहे. २०१५ मध्ये दिल्लीत मुलींनी याच्याच विरोधात ‘पिंजरा तोड’ ही चळवळ सुरू केली. गेट लवकर बंद होणार असेल तर लायब्ररी, संध्याकाळची लॅब, पार्टटाइम काम हे सगळं तुमच्यासाठी बंद होतं. म्हणून फॉर्म भरताना विचारा.

गेट किती वाजता बंद होतं, आणि लायब्ररीसाठी उशिराची परवानगी मिळते का? सुट्टीत हॉस्टेल चालू राहतं का? कारण इंटर्नशिप नेमकी सुट्टीत येते. दुसऱ्या वर्षी जागा आपोआप मिळते की मार्कांवर? मेस सक्तीची आहे का? आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेतं? आणि शक्य असेल तर तिथं राहणाऱ्या एका मुलीशी, रेक्टर बाजूला नसताना, दहा मिनिटं बोला. माहितीपत्रकात नसलेलं सगळं त्या दहा मिनिटांत कळतं.

रॅगिंगचा प्रकार झाला तर गप्प बसू नका. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. देशभराची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ ही आहे.

जागाच नाही मिळाली तर?

हा तर नेहमीचाच प्रकार. यादी लागते आणि आपलं नाव खाली राहतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर समाजकल्याण विभागाची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या मोठ्या शहरात शिकत असाल तर वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. भोजनाचे ३२ हजार, निवासाचे २० हजार, निर्वाहाचे ८ हजार. लहान शहरांत रक्कम कमी आहे. ओबीसी आणि भटक्या विमुक्त जाती-जमातींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. ज्यांचे आईवडील नोंदणीकृत मजूर किंवा अल्पभूधारक आहेत, त्यांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेची चौकशी करावी. उत्पन्नाच्या, मार्कांच्या, हजेरीच्या अटी वेगवेगळ्या आहेत, त्या कॉलेजच्या ऑफिसात आणि समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन बघा. उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासी दाखला निकालाच्या आधीच काढून ठेवा. नंतर सेतूत रांग लागते.

पण हिशोब इथंही करा. निवासाचे २० हजार म्हणजे दहा महिन्यांवर पसरले तर महिना २ हजार. आणि योजनेचे पैसे हप्त्यानं येतात, भाडं मात्र एक तारखेलाच द्यावं लागतं. दोन-तीन महिन्यांचं भाडं हाताशी नसेल तर या पैशांच्या भरवशावर करार करू नका.

रूम करायचीच, तर अशी

ठरलं रूमचंच? चांगलं आहे. स्वतःचं घर चालवायला शिकणं हेही शिक्षण आहे, आणि शेवटच्या वर्षाला, प्रोजेक्ट किंवा स्पर्धा परीक्षेच्या काळात रूम हॉस्टेलपेक्षा सोयीची पडते. फक्त पाच गोष्टी कागदावर आणा.

एक, भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ‘कशाला उगाच खर्च’ असं तो म्हणाला तर हा कायदा त्याला नम्रपणे सांगा. अठरा पूर्ण नसतील तर करारावर तुमची सही चालत नाही, आईवडिलांना घेऊन जा.

दोन, करारात नावं सगळ्यांची हवीत. एकीच्या नावावर रूम आणि बाकीच्या ‘तिच्याकडं राहतात’, असं ठेवलं तर भांडण झाल्यावर तिघी रस्त्यावर येतात.

तीन, निघण्याचा नियम. जी जाणार तिनं दोन महिने आधी सांगायचं, नाहीतर दोन महिन्यांचं भाडं द्यायचं. लग्न ठरलं तरी. हे आधी ठरलं असेल तर कुणाला वाईट वाटत नाही, नंतर काढलं तर मैत्री जाते.

चार, भिशीसारखा एक डबा. आपल्या आया भिशी चालवतात, तसं चौघींनी दर महिन्याला दोन-दोनशे रुपये बाजूला टाकायचे. कुणी गेली, सिलिंडर संपला, कुणाला सलाईन लावावं लागलं, तर हाच डबा. चौघींपैकी एकच जण हिशोब लिहील आणि महिन्याच्या शेवटी सगळ्यांना दाखवील.

पाच, कामाची वाटणी. भांडी, पाणी, केर, भाजी. भिंतीवर तक्ता लावा. हसू येईल, लावा तरी.

मैत्रिणीशी असलं काही लिहून घ्यायचं म्हणजे अविश्वास, असं वाटतं खरं. पण मैत्रीण आणि रूममेट ही दोन नाती आहेत. मैत्रीण तुम्हाला रडताना जवळ घेते. रूममेट वेळेवर लाईटबिल भरते. एकच मुलगी दोन्ही करील असं नाही, आणि तिला दुसरं जमत नसेल म्हणून पहिलं खोटं ठरत नाही. कागद असला की मैत्रीला लाईटबिलाचं ओझं वाहावं लागत नाही.

घरी बोलताना

आईवडिलांशी बोलताना ‘सगळ्याच राहतात’ हे वाक्य टाळा, त्यानं आजवर कुणाचाच बाप पटलेला नाही. त्यांच्यासमोर हिशोबाचा कागद ठेवा. भाडं, मेस, बस, एक गेली तर किती, दोघी गेल्या तर किती. चारही घरच्यांचे फोन नंबर एकमेकांना द्या, जमलं तर चौघींच्या आयांची एकदा गाठ घालून द्या. मालकाचं घर वडिलांना दाखवा. पोरीनं स्वतः विचार केलाय हे दिसलं की ‘कोण बघणार हिच्याकडं?’ या प्रश्नाचा आवाज कमी होतो.

आणि कुठून सुरुवात करायची कळत नसेल, तर पहिलं वर्ष हॉस्टेलला काढा. शहर कळतं, बस कळते, माणसं कळतात. वर्षभरात लक्षात येतं की रात्री दोन वाजता ताप आला तर कोण उठतं, आणि उसने घेतलेले शंभर रुपये न मागता कोण परत करतं. दुसऱ्या वर्षी रूम करायची झाली तर तिच्यासोबत करा. ती वैरागची असेल किंवा उदगीरची.

हॉस्टेलचे अर्ज ॲडमिशनच्या सोबतच सुटतात आणि लवकर बंद होतात. तेव्हा रूम करायचं पक्कं असलं तरी हॉस्टेलचा फॉर्म भरून ठेवा. जागा मिळाली तर नको म्हणता येतं. फॉर्मच भरला नसेल, तर हवं म्हणायलाही जागा उरत नाही.